बाबांनी बांधलेली माटवी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, आणि ज्या दोन माणसांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, तुमचा चेहरा बदललेला मला दिसणार नाही — म्हणून तुम्हाला सांगतेय. यातही भित्रेपणा आहेच. तो तुमच्या लक्षात आला असेल.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मनातलं लिहायला बसले की आपोआप इंग्रजीत सुरू होतं. हेसुद्धा आधी इंग्रजीतच लिहून पाहिलं होतं, पण वाक्यं फार शहाणी व्हायला लागली. ‘सॉरी’ तर इतकं पटकन आलं की माझीच मला शरम वाटली. सगळं पुसून टाकलं. जिथे हे घडलं त्या घरात मालवणी बोलतात, परका माणूस आला तर मराठी. मला मालवणी सगळी कळते, पण बोलले की चुलत भावंडं हसायची, त्यामुळे मी घरातही कमीच बोलते. बघते मात्र. लहानपणापासून बघतच आले आहे. आणि इतकं बघणाऱ्या मुलीला त्या दिवशी दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. दिसलं होतं. सगळं दिसलं होतं.

पण थोडं मागून सांगू दे.

माझे बाबा टेम्पो चालवायचे. मालवणच्या बंदरावरून बर्फातली मासळी उचलून कसालला, कुडाळला पोचवायची. पहाटे जायचे, दुपारी येऊन जेवून झोपायचे. अंगाला माशाचा आणि डिझेलचा वास. मला शाळेत घालताना त्यांनी एकच अट घातली होती म्हणे — चेडवाक इंग्रजी येवक व्हया, पोरीला इंग्रजी आलंच पाहिजे. ते मला आलं. त्यानंतर आमच्या दोघांत बोलण्यासारखं फारसं राहिलं नाही. भांडण नव्हतं हो. ते विचारायचे, “जेवलंस गो?” मी म्हणायचे, “हो बाबा.” बहुतेक दिवस एवढंच.

मी पदवी घेऊन पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करायला लागले, त्याच वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत एका सकाळी बाबांनी टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवला आणि ते तिथेच खाली बसले. उजवी बाजू गेली. अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणाले. दवाखान्यातून आले तेव्हा बोलणं थोडं जड होतं, ते सुधारलं. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. हात मात्र तसाच. मांडीवर ठेवला की मांडीवर, खुर्चीवरून घसरला की घसरलेला. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्याकडे सांभाळायला दिलाय, असे ते त्याच्याकडे बघायचे.

मग मॅडम आल्या.

कुडाळहून स्कूटरवर यायच्या, आठवड्यातून एकदा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आईला वाटलं, मालिश करणाऱ्या असतील. तिने तेलाची वाटी गरम करून ठेवली होती. मॅडमनी वाटी बघितली, हसल्या, आणि चहा मागितला — बाबांसाठी. कप त्यांच्या डाव्या हातात दिला, उजव्या हाताचा तळवा खाली बशीसारखा धरायला लावला, आणि नुसत्या बघत राहिल्या. अर्धा चहा लुंगीवर सांडला. आई उठायला लागली तर मॅडमनी तिला नजरेनेच खाली बसवलं.

त्यांचं काम मला हळूहळू कळत गेलं. हात नुसता वर-खाली हलवून त्यांचं समाधान व्हायचं नाही. हाताने काहीतरी घडायला हवं — शर्टाचं बटण लागायला हवं, भाताचा घास तोंडापर्यंत जायला हवा, लुंगीची गाठ कमरेवर टिकायला हवी. जे काम जसं आहे तसं जमत नसेल ते थोडं बदलून घ्यायचं. चमच्याच्या दांड्याला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळून तो जाड केला. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल आलं, भिंतीला एक लाकडी दांडा ठोकला गेला. सगळी साधी कामं. इतकी साधी, की बाबा म्हणायचे, “ह्या बाईन माका परत बालवाडीत घातल्यान.”

मॅडमनी मला एक काम दिलं होतं. त्या नसतील तेव्हा बाबांजवळ बसायचं आणि मदत करायची नाही. सगळ्यात कठीण काम तुला देतेय, म्हणाल्या. “अगदीच राहवलं नाही तर स्वतःच्या हातांवर बस.” त्या गमतीने म्हणाल्या होत्या. मी खरंच बसायचे. बाबा एक बटण लावायला धडपडताहेत, कपाळावर घाम, जीभ दातांत — आणि मी समोर स्टुलावर, दोन्ही तळवे मांडीखाली दाबून. बोटांना मुंग्या यायच्या. बटण लागलं की ते माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे. तुम्हाला सांगू? आमच्या दोघांतलं आयुष्यातलं सगळ्यात मोठं संभाषण तेच होतं.

आणि त्यांचा हात खरंच कामाला लागत होता. पूर्वीसारखा नाही, पण डाव्याचा मदतनीस म्हणून. कागद दाबून धरायचा, पेला टेकवून धरायचा. एक दिवस त्यांनी न्हाणीत जाऊन आतून कडी घातली. वारं गेल्यापासून ते दार कधी लागलंच नव्हतं, आई आत असायची नाहीतर दारात. कडीचा आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून धावत आली. मला वाटलं घाबरली. पण ती बाहेरच्या पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून, आणि म्हणाली, “कडी घातल्यान गो आतसून!” हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी भरकटतेय का? नाही. ती कडी पुढे येणार आहे.

मॅडमनी पहिल्याच महिन्यात बाबांना विचारलं होतं, “काका, कुठलं काम तुम्हाला परत स्वतःच्या हाताने करायचंय?” असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, टेम्पो म्हणतील. ते वर छपराकडे बघत म्हणाले, “चवथीक माटवी बांधूक व्हयी.”

मॅडम मूळच्या देशावरच्या. त्यांना माटवी सांगावी लागली, कदाचित तुम्हालाही सांगावी लागेल. गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात. तिला आंब्याचे टाळे म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीचा घड, तवसं म्हणजे मोठी काकडी, आणि रानातली फळं-फुलं बांधतात — कवंडळं, हरणं, शेरवाड. बांधायची ती केवणीच्या झुडपाच्या सालीच्या दोराने. आमच्या घरात माटवी नेहमी बाबांनीच बांधली. स्टुलावर चढून, तोंडाने शीळ घालत, टेम्पोवरची ताडपत्री आवळायचे तशी. बांधून झाली की चौकटीला धरून एक झोका द्यायचे. काही पडलं नाही की उतरायचे.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग आजपासून गाठी.

पावसाळाभर बाबा खिडकीपाशी बसून गजांना दोर बांधत होते. पहिल्या गाठी नुसत्या बघितल्या तरी सुटायच्या. मग जमायला लागलं — उजव्या हाताच्या मुठीने दोर गजाशी दाबायचा, डाव्याने वेढा घ्यायचा, आणि टोक दातात धरून मान मागे ओढायची. दोराची टोकं चावून चावून केरसुणीसारखी पिंजायची. खिडकीतून बाहेरचं दिसेनासं झालं, इतके गाठींचे झुबके लोंबत होते. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, “काय रे वसंता, खिडकेक दाढी फुटली?” बाबा आतून म्हणायचे, “तुज्यापेक्षा बरी!”

स्टुलावर चढणं त्यांना शक्य नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही वर जाऊ शकत नाही तर चौकट खाली आणा. इतकी सोपी गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. हरतालिकेच्या दिवशी पडवीत दोन खुर्च्यांच्या पाठींवर चौकट ठेवली आणि बाबा समोर स्टुलावर बसले. शेजारचे बाळाकाका कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. “काय रे वसंता, माटवी पण आजारी पडली? खाली निजयलंस ती!”

“माका वर जावक जमणा नाय, म्हणान ती खाली इली,” बाबा म्हणाले. दोर दातात होता, त्यामुळे अर्धं ऐकू आलं नाही, पण सगळे हसले. बाबाही.

टाळे आम्ही बांधले. नारळ, सुपारी आणि कवंडळं सगळी त्यांनी. सकाळी बसले ते दिवेलागणीला उठले, मध्ये फक्त जेवायला. संध्याकाळी बाळाकाकांनी आणि मुंबईहून आलेल्या माझ्या चुलतभावाने चौकट उचलून आढ्याच्या हुकांना अडकवली. बाबांनी काठीने चौकटीला हळूच ढकललं. झोका बसला. काही पडलं नाही. मधला नारळ बाकीच्यांपेक्षा बराच खाली लोंबत होता, दोर लांब राहिला होता. बाबा त्याच्याकडे मान वर करून बघत म्हणाले, “मधलो जरा खाली इलो. ऱ्हवांदे, देवाच्या हाताक तरी लागतलो.”

इथपर्यंत सगळं खरं तर छान आहे, नाही? मी इथेच थांबू शकले असते. लोकांना मी नेहमी इथपर्यंतच सांगते.

त्या रात्री जेवताना वहिनी — चुलतभावाची बायको, मनाने चांगली आहे, तिला दोष देत नाहीये — वर बघत म्हणाली, “यंदा माटवी कोणी बांधली गं? एका बाजूला झुकलीये ना जरा?” बाबा आत झोपायला गेले होते. तिला माहीत नव्हतं, ती नुकतीच आली होती. आई म्हणाली, “तेंनीच बांधली.” वहिनी लगेच म्हणाली, “अय्या, हो? मग छानच की.” त्या ‘मग छानच’मध्ये काय होतं ते मला तिथल्या तिथे कळलं. मी वर बघितलं, आणि पहिल्यांदा मला ती माटवी वहिनीच्या डोळ्यांनी दिसली. नारळ एक खाली, एक वर. सुपारीचा घड तिरका. आणि सगळीकडून लोंबणारी ती चावलेली टोकं. उद्या गावातले येणार, कुडाळहून मामा येणार, फोटो काढणार. सगळे वर बघणार, मग बाबांकडे बघणार, आणि म्हणणार — मग छानच.

लोकांना बाबांची दया येईल म्हणून मला वाईट वाटलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मला लाज वाटली. त्यांच्यामुळे नव्हे, त्या माटवीखाली मी उभी असेन म्हणून. मला कुणी बघितलेलं आवडत नाही. एवढंच होतं ते.

चवथीच्या सकाळी पुरुष मंडळी गणपती आणायला गेली. आई मोदकांत गुंतलेली, वहिनी तिच्याबरोबर. बाबा न्हाणीत गेले आणि त्यांनी आतून कडी घातली. त्यांना आता खूप वेळ लागायचा, कारण ते सगळं स्वतः करायचे. तो वेळ मी वापरला.

मी स्टूल घेतलं आणि मधल्या नारळाची गाठ सोडायला गेले.

मनाशी कारण तयार होतं. नारळ सुटून मूर्तीवर पडला तर? केवढा अपशकुन! बाबांनाच आयुष्यभर लागून राहील. मी त्यांच्याच भल्यासाठी तपासतेय. गाठ सैल असेल तरच परत बांधायची, असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं.

गाठ सुटेना.

नखं लावली, नखं दुखली. केसांची पिन घालून बघितली, पिन वाकली. नारळाला धरून मी खाली जोरात ओढलं — दोर करकरला, पण गाठ जागची हलली नाही. त्या अर्ध्या हाताने, दातांनी, मान मागे टाकून आवळलेली गाठ. ती पक्की होती. मी स्टुलावर उभी राहून तिच्याकडे बघत होते. एक दोर आणि त्यात अडकलेला आंब्याच्या पानाचा एक तुकडा. इथे मी उतरायला हवं होतं ना? कारण तर संपलं होतं. तपासून झालं होतं. उतरायचं, स्टूल जागेवर ठेवायचं. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता.

मी उतरले. आतून कात्री आणली. परत चढले.

एका हाताने नारळ धरून दोर कापला. मग बाकीचे. पुढच्या बाजूचे सगळे — समोरून दिसणारे. मागचे, मूर्तीच्या आड जाणारे, तसेच ठेवले. म्हणजे बघा, मला काय हवं होतं ते मला किती नीट माहीत होतं! उरलेल्या केवणीच्या दोरानेच मी परत बांधलं, एका उंचीवर. टोकं आत खोचली. माझे दोन्ही हात धडधाकट, त्यामुळे सगळं झटपट झालं. कापलेले तुकडे ड्रेसच्या खिशात भरले आणि मागच्या दाराने जाऊन माडाच्या आळ्यात टाकले. परत आले तेव्हा न्हाणीची कडी नुकतीच निघत होती.

बाबा नवा शर्ट घालून बाहेर आले. बटणं त्यांनीच लावली होती. गणपती आला, पाटावर बसला, गडबड सुरू झाली. बाळाकाका आरतीच्या आधी दर्शनाला आले. बाबा त्यांना घेऊन पुढे गेले, आणि त्यांनी हात वर केला. उजवा. कुणी सांगितलेलं नसताना, कसलाही व्यायाम नसताना, बोलण्याच्या भरात तो हात आपण होऊन खांद्यापर्यंत वर आला. मॅडम इतके महिने ज्याची वाट बघत होत्या ते हेच.

“ह्यो मधलो नारळ बघ, कसो खाली—”

आणि ते थांबले.

हात तिथेच राहिला थोडा वेळ. डोळे नारळांवरून फिरले — या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेषेत. बाळाकाका म्हणाले, “कसलो रे नारळ?”

“काय नाय,” बाबा म्हणाले. “पावस येतलोसो दिसता.”

हात खाली आला. मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा खाली आला. मग त्यांनी आईकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, चुलतभावाकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं. त्यावरून मला कळलं की त्यांना कळलंय.

दुपारी जेवताना पान समोर होतं, जाड केलेला चमचा शेजारी होता. ते बसून राहिले. आईने वाट बघितली, मग घास भरवला. सणाचा दिवस, दमले असतील, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही भरवला. त्या आठवड्यात ते न्हाणीत गेले आणि आईला हाक मारली. कडी लागली नाही. त्यानंतर कधीच लागली नाही.

मला काय वाटतं ते सांगते, त्यांनी काहीच सांगितलेलं नाही. मला वाटतं, त्यांना इतकंच समजलं की आम्ही त्यांच्याशी खेळत होतो. बटण लागलं की मान हलवणारी मी, चहा प्यायल्यावर कौतुक करणारे सगळे — बालवाडीतल्या पोराचं चित्र छान म्हणायचं आणि पाठ वळली की आपण रंगवून काढायचं. मग मागचंही सगळं खोटं ठरलं असेल, नाही? ती कडीसुद्धा?

गणपती गेल्यावर मॅडम आल्या, फोटो बघायला म्हणून उत्साहात आल्या. बाबा हात उचलेनात. “जमणा नाय” एवढंच. मॅडम घाबरल्या, पुन्हा झटका आला असेल म्हणून डॉक्टरकडे पाठवलं. तपासण्या झाल्या, नवीन काही नव्हतं. मग त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावून विचारलं, “घरात काही झालं का? कुणी काही बोललं का त्यांना?”

मी म्हणाले, “नाही.”

त्या येतच राहिल्या. सोलायला शेंगा आणल्या, पत्ते आणले, एकदा तर टेम्पोत नेऊन बसवलं. बाबा सगळं बघून घ्यायचे, नम्रपणे. शेवटी एके दिवशी परक्या माणसाशी बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाले, “मॅडम, तुम्ही खूप केलात. आता नको.”

निघताना मॅडम स्कूटरपाशी उभ्या राहिल्या, हेल्मेट हातात. म्हणाल्या, “माझंच चुकलं असेल का गं? माटवी एकदा बांधून झाली आणि पुढे काही उरलंच नाही, असं झालं असेल. मी घाई केली.” त्यांचे डोळे भरले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. एवढ्याशा वाक्याने मी त्यांना सोडवू शकले असते. एक वाक्य. ते अजूनही उपयोगाचं होतं तेव्हा, कारण खरं कळलं असतं तर मॅडमनी त्यावरून काहीतरी मार्ग काढला असता. हात तेव्हा नुसता गप्प होता, मेला नव्हता.

मी म्हणाले, “असेल.”

त्या गेल्या. दुसरीकडे कुठे तरी काम मिळालं असं ऐकलं. कुणाला गाठी शिकवत असतील तर भीत असतील.

आईने खिडकीच्या गजांवरचे दोर काढून टाकले, मुंग्या लागल्या होत्या. ती कापत असताना बाबा तिथेच बसले होते. त्यांनी नको म्हटलं नाही.

आता हात मिटला आहे. बोटं आत वळली आहेत, तळव्यात नखं रुततात. दर दोन-चार दिवसांनी मी एकेक बोट उघडून आतला घाम पुसते, नखं कापते. हे काम माझ्याकडे आहे. आईची कंबर गेलीय, न्हाणीत तिच्याच्याने होत नाही, तेही आता मीच करते. दार उघडं असतं. ते भिंतीकडे बघत बसतात. हात उघडताना त्यांना दुखतं, पण ते आवाज करत नाहीत. मी कधी विचारत नाही, ते कधी सांगत नाहीत. लोक म्हणतात, पोरीने नोकरी सांभाळून बापाचं किती केलं.

त्यांना सांगावं असं वाटतं का? वाटतं. पण सांगितलं की ते काय म्हणतील ते मला माहीत आहे. “नाय गो चेडवा” म्हणतील आणि सोडून देतील. मला ते ऐकायचं नाही. ते मला मिळता कामा नये.

त्या वर्षानंतर माटवी मीच बांधते. पहिल्या वर्षी बाळाकाकांनी विचारलं, माटवी कोण बांधता आता? बाबा म्हणाले, “चेडू बांधता. बरी बांधता.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला होता.

आरतीच्या वेळी ते खुर्चीवर बसतात, डाव्या हातात घंटा. नजर मूर्तीच्या पायांवर. वर बघत नाहीत. यंदाही नाही बघितलं. यंदा वहिनीने फोटो काढले, किती सुरेख, म्हणाली. नारळ सगळे एका रेषेत होते. टोकं मी आत खोचते, त्यामुळे खालून पाहिलं तर एकसुद्धा गाठ दिसत नाही.